स्पॅनिशमध्ये ‘करू नकोस’ कसं म्हणायचं? स्पेलिंग बदलणाऱ्या क्रियापदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकारार्थी आज्ञेचा धडा झाला की त्याच रात्री विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप मेसेज सुरू होतात, आणि दर वर्षी प्रश्न जवळजवळ तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. स्पेलिंग सोडवून दाखवताना आपली शाळेतली इंग्रजी अक्षरनावंच वापरली आहेत (टी-ओ-सी-ए-आर असं). स्वरांबद्दल बोलताना मात्र आ, ए, ई हे उच्चार समजा. वही-पेन जवळ असू द्या. हा विषय डोळ्यांनी वाचून जेवढा कळतो त्याहून जास्त हाताने लिहून कळतो.

१. ‘बोल’ या शब्दाआधी ‘नो’ लावलं की ‘बोलू नकोस’ होत नाही का?

नाही. ‘आब्ला’ म्हणजे ‘बोल’. पण ‘बोलू नकोस’ म्हणायला ‘नो आब्ला’ चालत नाही, ‘नो आब्लेस’ म्हणावं लागतं. ‘नो आब्ला’चा अर्थ ‘तो बोलत नाही’ असा होतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही ‘बोल’ला नुसतं ‘नको’ जोडत नाही. ‘बोलू नकोस’ म्हणतो, म्हणजे नकार आला की क्रियापदाचं रूप बदलतो. स्पॅनिशमध्ये नकार आला की ‘सुबखुंतीवो’ नावाचं रूप येतं. ते करायची पद्धत सोपी आहे: शेवटचा स्वर उलटा करायचा. ज्यांच्या शेवटी ‘आर’ आहे त्यांना ए लागतो (आब्लार, नो आब्लेस). ज्यांच्या शेवटी ‘एर’ किंवा ‘ईर’ आहे त्यांना आ लागतो (कोमेर म्हणजे खाणे, नो कोमास, एस्क्रिबीर म्हणजे लिहिणे, नो एस्क्रीबास). स्पेलिंगची सगळी भानगड या स्वराच्या अदलाबदलीतूनच निघते. ती प्रश्न ३ मध्ये आहे.

२. तू, तुम्ही, आपण यांची रूपं वेगवेगळी आहेत का?

हो. ‘तू’साठी नो आब्लेस, आदरार्थी ‘उस्तेद’साठी नो आब्ले, अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस’साठी नो आब्लेन. स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला ‘बोसोत्रोस’ म्हणतात, त्यांच्यासाठी नो आब्लेइस. ‘आपण बोलू या नको’ असं म्हणायचं तर नो आब्लेमोस. मराठीत ‘नकोस’ आणि ‘नका’ एवढ्या दोघांवर काम भागतं, तिथे पाच रूपं आहेत. पुढच्या उत्तरांमध्ये मी बहुतेक वेळा ‘तू’चंच रूप दिलं आहे. स्पेलिंगचा बदल पाचही रूपांत सारखाच होतो. अपवाद तेवढे प्रश्न १०, १३ आणि १४ मध्ये.

३. पण स्पेलिंग बदलायचंच कशाला? मूळ अक्षर ठेवलं तर काय बिघडतं?

उच्चार बिघडतो. सगळ्या पानात हे एकच उत्तर नीट समजून घेतलंत तरी निम्मं काम झालं.

स्पॅनिशमध्ये सी आणि जी ही दोन अक्षरं पुढचा स्वर बघून आवाज बदलतात. सी-च्या पुढे आ, ओ, ऊ आले तर क. ए किंवा ई आले तर लॅटिन अमेरिकेत स, आणि स्पेनच्या बहुतेक भागात दातांमधून निघणारा, आपल्या थ-च्या जवळचा आवाज. जी-च्या पुढे आ, ओ, ऊ आले तर ग. ए किंवा ई आले तर घशातून घासत येणारा ख.

हेही आपल्याला नवीन नाही. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. पहिल्यातला च दातांजवळचा, दुसऱ्यातला टाळूवरचा. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणा, झ-चंही तसंच. पुढे ई आली आणि व्यंजनाचा आवाज सरकला. मराठीने काय केलं? अक्षर तेच ठेवलं आणि आवाज बदलू दिला. स्पॅनिशने नेमकं उलट केलं: क्रियापदाचा आवाज जपला आणि त्यासाठी अक्षर बदललं.

‘तोकार’ म्हणजे हात लावणे, टी-ओ-सी-ए-आर. आज्ञेसाठी आ-चा ए करायचा. सी तशीच ठेवून टी-ओ-सी-ई-एस लिहिलं तर वाचणारा ‘तोसेस’ वाचेल, आणि ‘तोसेस’ असा उच्चार असलेला दुसरा शब्द स्पॅनिशमध्ये आहे: ‘तू खोकतोस’. ‘भिंतीला हात लावू नकोस’ म्हणायचं होतं, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर भलताच खोकला पडला. एका विद्यार्थिनीने गृहपाठात हे लिहिलं होतं. मी तिला लाल पेनाने दुरुस्त न करता फक्त मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचता वाचता ती मध्येच थांबली आणि तिनेच ते खोडलं. क-चा आवाज ए-च्या आधी टिकवायचा तर क्यू-यू लागतं: नो तोकेस, टी-ओ-क्यू-यू-ई-एस.

४. शेवटी ‘कार’ असलेली क्रियापदं कुठली, आणि त्यांच्यात यू वाचायचा का?

यू वाचायचा नाही. क्यू-यू मिळून एकच क. बुस्कार (शोधणे) चं नो बुस्केस, बी-यू-एस-क्यू-यू-ई-एस. साकार (बाहेर काढणे) चं नो साकेस, एक्सप्लिकार (समजावणे) चं नो एक्सप्लीकेस. ‘चुकू नकोस’साठी नो ते एकिवोकेस. या शेवटच्या शब्दात क्यू-यू दोनदा येतं, एक मुळातलं आणि एक बदलून आलेलं. पहिल्यांदा लिहिताना बहुतेकांचं दुसरं राहतं.

‘कार’वाल्या गटात अपवाद नाही. एकदा हात बसला की बसला.

५. ‘गार’वाल्यांचं काय?

तेच तत्त्व. ग-चा आवाज ए-च्या आधी टिकवायला जी-च्या मागोमाग एक मुका यू ठेवायचा. येगार (पोहोचणे): नो येगेस तार्दे, म्हणजे उशिरा येऊ नकोस. एल-एल-ई-जी-यू-ई-एस. आपागार (विझवणे, बंद करणे): नो आपागेस ला लूस, दिवा घालवू नकोस.

पागार म्हणजे पैसे देणे. आपला ‘पगार’ पोर्तुगीजमधल्या याच क्रियापदावरून आला. त्यामुळे हा शब्द मी वर्गात पहिला घेते. नो पागेस: पी-ए-जी-यू-ई-एस. यू विसरलात तर ‘पाखेस’ होईल, आणि पागारचं असं रूपच नाही.

६. ‘सार’ म्हणजे झेडवाल्यांमध्ये उच्चार बदलत नाही, मग स्पेलिंग का बदलतं?

बरोबर पकडलंत. प्रश्न ३ मधलं आवाज जपायचं कारण इथे लागू पडत नाही. झेड कुठल्याही स्वरापुढे तोच आवाज देतं. पण स्पॅनिश लेखनाचा संकेत असा की ए आणि ई यांच्या आधी झेड सहसा लिहायचं नाही, सी लिहायची. म्हणून क्रुसार (ओलांडणे), सी-आर-यू-झेड-ए-आर, याचं नो क्रूसेस होताना झेड जाऊन सी येते: सी-आर-यू-सी-ई-एस. आब्रासार (मिठी मारणे) चं नो आब्रासेस, लान्सार (फेकणे) चं नो लान्सेस. दोन्हींत सी.

संकेत आहे तिथे मी संकेतच म्हणते. विद्यार्थ्यांना ओढूनताणून उच्चाराचं कारण दिलं की पुढे त्यांचा खऱ्या कारणांवरचाही विश्वास उडतो.

७. ‘खेर’ आणि ‘खीर’वाल्या क्रियापदांत जी जाऊन जे येतं, हे उलटं का?

उलटं दिसतं, पण तत्त्व प्रश्न ३ मधलंच. इथे मूळ रूपातच जी-च्या पुढे ए किंवा ई असल्यामुळे तिचा आवाज ख आहे. आज्ञेत पुढे आ येतो, आणि जी-पुढे आ आला की ग होतो. ख टिकवायचा तर जे पाहिजे, कारण जे कुठल्याही स्वरापुढे ख-च राहतं.

रेकोखेर (उचलून गोळा करणे) चं नो रेकोखास, आर-ई-सी-ओ-जे-ए-एस. एक्सिखीर (आग्रहाने मागणे) चं नो एक्सीखास. फिंखीर (सोंग करणे) चं नो फिंखास. शिवाय या सगळ्यांचं ‘मी’चं वर्तमानकाळी रूप आठवा: रेकोखो, एक्सीखो, फिंखो. जे तिथे आधीच आलेलं असतं. तिथला ओ काढून आस लावला की झालं.

८. मग ‘देखार’मध्ये जे-ची जी करायची का? नो देखेस कसं लिहायचं?

नाही, इथे काहीच करायचं नाही. प्रश्न ७ शिकल्यावर पुढच्या आठवड्यात हमखास होणारी ही चूक आहे. देखार (सोडणे, ठेवणे) मध्ये मुळातच जे आहे, आणि जे सर्व स्वरांपुढे ख. त्याला बदलायची गरजच नाही. नो देखेस: डी-ई-जे-ई-एस. त्राबाखार (काम करणे) चं नो त्राबाखेस, केखार्से (तक्रार करणे) चं नो ते केखेस. ‘आजचं काम उद्यावर टाकू नकोस’ ही स्पॅनिश म्हण याच ‘नो देखेस’ने सुरू होते. ती फळ्यावर लिहून ठेवली की वर्ग ही चूक विसरतो.

लक्षात ठेवायचं एवढंच: बदल नेहमी मूळ रूपाकडून आज्ञेकडे जातो. आधी मूळ रूप लिहा, त्यातलं अक्षर बघा, मग ठरवा.

९. सेगीरचं ‘सीगास’ होताना यू कुठे गेला?

त्याचं काम संपलं म्हणून गेला. सेगीर (चालू ठेवणे, मागोमाग जाणे) मध्ये जी आणि ई यांच्यामध्ये असलेला यू फक्त ग-चा आवाज राखायला होता. आज्ञेत पुढे आ आला. जी-पुढे आ असला की ग आपोआप मिळतो. यू ठेवलात तर उलट ‘सीग्वास’ वाचलं जाईल. म्हणून नो सीगास, एस-आय-जी-ए-एस. कोन्सेगीर (मिळवणे), पेर्सेगीर (पाठलाग करणे), दिस्तिंगीर (फरक ओळखणे) हेही असेच.

‘कीर’ने संपणारं देलिन्कीर (गुन्हा करणे) नावाचं एक क्रियापद आहे. त्यात क्यू-यू जाऊन सी येते: नो देलिन्कास. बोलण्यात ते क्वचितच येतं.

१०. काही शब्दांत स्पेलिंगही बदलतं आणि आतला स्वरही. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं?

एकामागून एक. आधी आतला स्वर, मग व्यंजन.

खुगार (खेळणे) घ्या. आतला ऊ फुटून ‘उए’ होतो, आणि ग टिकवायला यू लागतो: नो खुएगेस, जे-यू-ई-जी-यू-ई-एस. ‘नो खुएगेस कोन फुएगो’, आगीशी खेळू नकोस, हे वाक्य पाठच करा. एम्पेसार (सुरू करणे): ए-चा ‘इए’, झेडची सी, नो एम्पिएसेस, ई-एम-पी-आय-ई-सी-ई-एस. आल्मोर्सार (दुपारचं जेवणे) चं नो आल्मुएर्सेस. कोल्गार (टांगणे, फोन ठेवणे) चं नो कुएल्गेस. फोनवर ‘ठेवू नकोस’ म्हणायला स्पेनमध्ये रोज लागणारा शब्द आहे हा. नेगार (नाकारणे) चं नो निएगेस.

आता अपवाद. ‘बोसोत्रोस’ आणि ‘आपण’ या दोन रूपांत ‘आर’वाल्यांचा आतला स्वर फुटत नाही, कारण शब्दाचा जोर पुढच्या अवयवावर सरकतो. व्यंजनाचा बदल मात्र राहतो. नो खुगेइस, नो एम्पेसेइस, नो एम्पेसेमोस. परीक्षेत इथे गुण जातात. पोरं स्वराबरोबर व्यंजनही मूळपदावर आणतात.

‘ईर’वाले याहून निराळे. एलेखीर (निवडणे), कोरेखीर (दुरुस्त करणे), सेगीर यांच्यात ए-ची ई होते, आणि ती पाचही रूपांत टिकते: नो एलीखास, नो एलिखाइस, नो एलिखामोस.

११. कोनोसेरचं ‘कोनोस्कास’ होतं, पण कोन्बेन्सेरचं ‘कोन्बेन्सास’. नियम काय?

‘सेर’ किंवा ‘सीर’च्या आधी काय आहे ते बघा. व्यंजन असेल तर सी-ची फक्त झेड: कोन्बेन्सेर (मन वळवणे) चं नो कोन्बेन्सास, सी-ओ-एन-व्ही-ई-एन-झेड-ए-एस. कारण प्रश्न ३ मधलंच, आ-पुढे सी-चा क झाला असता. स्वर असेल तर बहुतेक वेळा झेड-सी ही जोडी: ओफ्रेसेर (देऊ करणे) चं नो ओफ्रेस्कास, कोन्दुसीर (गाडी चालवणे) चं नो कोन्दूस्कास. इथे नवा क खरोखर ऐकू येतो. म्हणजे हा नुसता स्पेलिंगचा बदल नाही, उच्चारही बदलला. काही पाठ्यपुस्तकं दोन्ही एकाच तक्त्यात टाकतात आणि गोंधळ वाढवतात. ते वेगळे ठेवा.

स्वर असूनही ‘स्कास’ न होणारी दोन नेहमीची: मेसेर (पाळणा हलवणे) चं नो मेसास, एम-ई-झेड-ए-एस, आणि कोसेर (शिजवणे) चं नो कुएसास. आसेर (करणे) आणि देसीर (सांगणे) यांची चाल अगदीच निराळी: नो आगास, नो दीगास.

१२. यू-वर दोन टिंबं कधी द्यायची? आणि ती फोनवर टाइप कशी करायची?

शेवटी ‘ग्वार’ असेल तेव्हा. आबेरिग्वार (छडा लावणे) मध्ये यू मुका नाही, तो ऐकू येतो. आज्ञेत पुढे ए आला की जी-यू-ई म्हणजे नुसतं ‘गे’ वाचलं जाईल (प्रश्न ५ बघा). यू जिवंत आहे हे सांगायला त्याच्यावर दोन टिंबं: नो आबेरीग्वेस. आपासिग्वार (शांत करणे) हेही तसंच. फोनवर यू-ची कळ दाबून धरली की टिंबांचा पर्याय वर येतो.

१३. ओलेरच्या आज्ञेत एच कुठून आला?

स्पॅनिशमध्ये कुठलाही शब्द नुसत्या ‘उए’ने सुरू करून लिहीत नाहीत, आधी मुका एच घालतात. ओलेर (वास घेणे) मधला ओ फुटून ‘उए’ झाला आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाच आला. म्हणून नो उएलास, एच-यू-ई-एल-ए-एस. बोसोत्रोसमध्ये स्वर फुटत नाही, म्हणून एचही नाही: नो ओलाइस.

एरार (चुकणे) चा भाऊबंद नियम: सुरुवातीचा ‘इए’ वाय-ने लिहायचा. नो येरेस, वाय-ई-आर-आर-ई-एस. हे दोन शब्द मला फार आवडतात. लेखनाचे दोन जुने संकेत एकाच आज्ञेत उघडे पडतात.

१४. एन्बिआर, कोन्तिनुआर यांच्यातली तिरकी रेघ विसरली तर चालेल का?

लिहिताना नाही. एन्बिआर (पाठवणे) चं नो एन्बीएस, आय-वर रेघ. कोन्तिनुआर (चालू ठेवणे) चं नो कोन्तिनूएस, यू-वर रेघ. रेघ नसली तर दोन स्वर एकात मिसळून वाचले जातात आणि जोर भलत्याच अवयवावर पडतो. प्रोहिबीर (मनाई करणे) आणि रेउनीर्से (भेटणे, एकत्र येणे) यांच्यातही तसंच. बोसोत्रोसच्या रूपात मात्र ती रेघ मागच्या स्वरावरून उठून प्रत्ययातल्या स्वरावर बसते: नो एन्बिएइस.

लेएर (वाचणे) बद्दलही विचारतात. भूतकाळात तिथे वाय येतो म्हणून आज्ञेतही घालतात. नको. नो लेआस, एवढंच. वाय हवा असतो तो उइर (पळणे), कोन्स्त्रुइर (बांधणे) यांना: नो उयास, नो कोन्स्त्रूयास.

१५. होकारार्थी आज्ञेतही हे बदल करायचे का?

‘तू’ला नाही. तोका (हात लाव), बुस्का (शोध), येगा (पोहोच), सीगे (चालू ठेव), रेकोखे (उचल). तिथे अक्षरं मुळातलीच राहतात, कारण स्वर उलटा झालेला नसतो. ‘उस्तेद’ला मात्र होकारातही सुबखुंतीवोच लागतो, म्हणून तोके, बुस्के, येगे, सीगा, रेकोखा. म्हणजे स्पेनमधल्या आजींना ‘बसा, सुरू करा’ म्हणताना तुम्ही ‘एम्पिएसे’च म्हणणार, झेड नाही.

१६. ‘त्याला हात लावू नकोस’ यातला ‘त्याला’ कुठे ठेवायचा?

नकारात क्रियापदाच्या आधी, सुटा: नो लो तोकेस. होकारात मागे, चिकटून: तोकालो, आणि पहिल्या ओ-वर रेघ. ‘मला ते समजावू नकोस’ म्हणजे नो मे लो एक्सप्लीकेस. ‘नो’च्या जागी नुंका किंवा खामास (कधीही नाही) आलं तरी क्रियापद तेच: नुंका येगेस तार्दे.

१७. संग्रहालयातल्या पाटीवर ‘नो तोकार’ लिहिलेलं असतं. ते चूक आहे का?

अजिबात नाही. पाटी कुणा एकाशी बोलत नसते, सर्वांना सूचना देते, म्हणून मूळ रूप वापरते. ‘हात लावू नये’ या आपल्या पाटीसारखंच. नो फुमार, नो आपार्कार हेही तसेच. समोरच्या माणसाला सांगताना मात्र नो तोकेस किंवा नो तोके.

बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये आणखी एक रूप दिसेल: भविष्यकाळ. ‘नो मातारास’, तू हत्या करणार नाहीस. त्यातही स्पेलिंग बदलत नाही.

१८. अर्जेंटिनातले लोक ‘नो तोकेस’ निराळं का म्हणतात?

तिथे ‘तू’ऐवजी ‘बोस’ चालतं. होकारात तोका म्हणताना जोर शेवटच्या आ-वर. नकारात दोन्ही ऐकू येतं: सगळीकडचं नो तोकेस, आणि शेवटच्या ए-वर जोर देऊन त्यावर रेघ असलेलं नो तोकेस. दुसऱ्या प्रकारात आतला स्वर फुटत नाही, म्हणून नो खुगेस, नो एम्पेसेस. क्यू-यू, जी-यू आणि सी मात्र तिथेही तशीच. औपचारिक लेखनात पहिलं रूप लिहिलंत की कुणी बोट ठेवणार नाही.

आणि एक सांगायलाच हवं. कोखेर (घेणे, पकडणे) हा शब्द स्पेनमध्ये दिवसातून शंभरदा येतो, पण मेक्सिको, अर्जेंटिना आणि आसपास तो असभ्य आहे. तिथे तोमार किंवा आगार्रार वापरा: नो तोमेस, नो आगार्रेस. दोन्हींत स्पेलिंग बदलत नाही.

१९. आमच्या गोव्याच्या आजोबांना पोर्तुगीज येतं. त्यांचे नियम चालतील का?

बरेचसे. 1961 पूर्वी गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीला हे बदल सवयीचे असतात, कारण पोर्तुगीजमध्येही सी-चं क्यू-यू आणि जी-चं जी-यू होतं. तोकार आणि पागार तिथेही आहेत आणि नकारार्थी आज्ञेत त्यांचं स्पेलिंग हुबेहूब स्पॅनिशसारखंच होतं. उच्चार तेवढा वेगळा.

फरक झेडमध्ये आहे. पोर्तुगीजमध्ये ‘ओलांडू नकोस’ लिहिताना झेड तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये ते सी-ला जागा देतं. आजोबांकडून शिकत असाल तर प्रश्न ६ त्यांनाही वाचून दाखवा.

२०. एवढा घोळ आहे तर स्पॅनिश लोक लेखन सुधारत का नाहीत?

प्रयत्न झाले. 1823 मध्ये व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी गार्सिया देल रिओ यांच्यासह सोप्या लेखनाची योजना मांडली. तिचा एक भाग चिलीने 1844 पासून प्रत्यक्षात वापरला आणि 1927 पर्यंत चालवला. त्या पद्धतीत ख-च्या आवाजाला ए आणि ई यांच्या आधीही जे-च लिहीत. म्हणजे प्रश्न ७ मधला बदल तिथे उरतच नव्हता. नोबेलविजेते कवी खुआन रामोन खिमेनेस हेही हट्टाने जी-च्या जागी जे लिहीत. 1997 मध्ये मेक्सिकोतल्या साकातेकासला कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी भाषणात लेखननियमच निवृत्त करा अशी मागणी केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. नियम आहेत तिथेच आहेत. मला स्वतःला ते टिकावेत असं वाटतं. तोकार आणि तोकेस यांच्या अक्षरांत फरक पडला तरी कानाला ते एकाच घरातले कळतात, ही सोय लहान नाही.

२१. पाठांतर न करता आठवायची काही युक्ती?

दोन आहेत, दोन गटांसाठी. ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांसाठी ‘मी’चं वर्तमान रूप: सीगो, रेकोखो, कोन्बेन्सो, कोनोस्को. बदल तिथे झालेलाच असतो. ‘आर’वाल्यांसाठी ‘मी’चं साधं भूतकाळी रूप: तोके, येगे, क्रुसे, एम्पेसे, सगळ्यांच्या शेवटच्या ए-वर रेघ. पुढे ए आल्यामुळे व्यंजन तिथेही बदलतं, अगदी याच पद्धतीने. भूतकाळ आधी शिकलेल्यांना आज्ञा जवळजवळ फुकट मिळते. फक्त भूतकाळात आतला स्वर फुटत नाही, आज्ञेत फुटतो. त्यासाठी प्रश्न १०.

आणि लिहून झालं की मोठ्याने वाचा. मूळ क्रियापदातलं व्यंजन कानाला तसंच लागलं पाहिजे. ही तपासणी झेडवाल्यांना लागू नाही, कारण प्रश्न ६ मध्ये दिलं आहे. झेड-सीवाल्यांनाही नाही (प्रश्न ११).

२२. ऐकून लिहिताना सी, झेड आणि एस यांत फसायला होतं. उपाय?

लॅटिन अमेरिकन उच्चारात तिन्ही स, त्यामुळे कानावर भिस्त ठेवता येत नाही. संदर्भ बघा आणि मूळ क्रियापद शोधा. ‘नो कासेस’ ऐकलंत: शिकारीबद्दल चाललं असेल तर मूळ शब्द झेडचा, म्हणून सी-ए-सी-ई-एस. लग्न लावण्याबद्दल असेल तर मूळ शब्द एसचा, आणि त्यात काहीच बदलत नाही: सी-ए-एस-ई-एस. ‘लग्न करू नकोस’ म्हणताना आधी ‘ते’ येतं, नो ते कासेस. तो ‘ते’ ऐकू आला की प्रश्न मिटला.

कोसेरची जोडी याहून सोपी. शिजवणे आणि शिवणे यांचे मूळ शब्द तिथे सारखेच ऐकू येतात, पण आज्ञेत वेगळे होतात. शिजवण्यातला ओ फुटतो, शिवण्यातला नाही. स्वयंपाकघरातून ‘नो लो कुएसास’ ऐकू आलं तर झेड लिहा, शिवणयंत्राजवळून ‘नो लो कोसास’ ऐकू आलं तर एस.